नवमीची गाडी

जुनी गाडी विकणारा माणूस नेहमी इंजिनाबद्दल बोलतो. बॉनेट उघडतो, आत हात घालतो, बाहेर काढून आपल्यालाच दाखवतो, जणू हाताला तेल लागणं ही मोठी कमाई. मला इंजिनात काडीचाही रस नव्हता. मला मागची सीट पाहायची होती, आणि ती पाहण्याची माझी एक रीत होती. पितळी पेला काठोकाठ पाण्याने भरायचा, मागच्या सीटवर ठेवायचा आणि गाडीची एक फेरी मारून आणायची. पेरांबूरला आमच्या कारखान्यात रेल्वेचे डबे बांधतात. नव्या डब्याची चाचणी घेताना आम्ही उपकरणं लावायचोच, पण माझा खरा विश्वास त्या पेल्यावर. पाणी सांडलं की त्या डब्याचं काहीतरी चुकलंय, मग आकडे काही का सांगेनात.

सुब्बा नावाचा दलाल मला गाड्या दाखवत हिंडत होता. तो माझ्या पेल्याला कंटाळला होता. "सार, तुम्हाला मोटार हवी आहे की पाणपोई?" असं त्याने एकदा तमिळमध्ये विचारलंही. ज्याच्या बायकोने गाडीच्या एका धक्क्याने ओठ दाताखाली धरून रक्त काढलेलं नाही, त्याला काय सांगायचं?

सुनीतीला मणक्याचा क्षय झाला होता. आजार गेला, पण जाताना पाठ घेऊन गेला. किती महिने ती प्लास्टरमध्ये पडून होती, आणि त्यातून निघाली तेव्हा कमरेला चामड्याचा आणि पोलादी पट्ट्यांचा एक पट्टा आला. भिंतीला धरून ती न्हाणीघरापर्यंत जायची, तेवढंच. एग्मोरचे डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, बाई चालतील. नाही आणलंत तर स्नायू वाळतील आणि मग माझ्याकडे येऊ नका. सांगायला सोपं. पेरांबूरहून एग्मोरला आणायचं कशातून? सायकलरिक्षात ती बसूच शकत नव्हती. टॅक्सीने एकदा नेली, तर दोन दिवस पाणीसुद्धा कुशीवर पडून प्याली. नव्या गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, असे ते १९६१ सालचे दिवस. म्हणून जुनी गाडी.

एका गाडीची सीट इतकी खाली होती की गुडघे हनुवटीला लागत. दुसरीचं दार अरुंद, पट्ट्यासकट सुनीती आत वळेना. तिसरीची गादी छान, पण आत पेट्रोलचा असा वास की ती ओकली. एक अमेरिकन गाडी पाण्याच्या परीक्षेत जवळजवळ उतरली होती, पण तिच्यात चढायला शिडीच लागली असती. मी चिडचिडा झालो होतो. सुनीती मात्र मला हसायची. "अहो, माझ्यासाठी गाडी शोधताय की स्थळ?" म्हणायची. दुखणं अंगावर असून ती हसायची आणि मी धडधाकट असून ओरडायचो, हे आमच्या घरातलं नेहमीचंच.

सुब्बाने मग रायपेट्ट्याची गाडी सांगितली. मालक तुमचेच लोक, मराठी, म्हणाला. मागची सीट आजारी बाईसाठी मुद्दाम करून घेतलेली. मी म्हटलं, उद्याच जाऊ. सुनीती म्हणाली, "पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवी वस्तू घेत नाहीत." मी म्हटलं, युद्धाआधीची गाडी नवी कुठून झाली? टॅक्सीत उशा रचून, तिला आडवं निजवून, गोगलगाईच्या चालीने आम्ही रायपेट्ट्याला गेलो.

घर जुन्या पद्धतीचं, पुढे लाल कौलांची पडवी, बाजूला गाडीची शेड. घरात दोनच माणसं. व्यासराजराव, बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, कपाळावर गंधाची उभी रेघ. आणि त्यांची धाकटी विधवा बहीण, कनकाबाई. तंजावरकडचे मराठी लोक ते. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटायचं, कुणीतरी बखर उघडून तमिळ चालीवर वाचतंय.

मी सुनीतीला धरून पायऱ्या चढवत होतो. कनकाबाई उंबऱ्यात आल्या, तिच्या कपाळाकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं आणि आत वळून ओरडल्या, "अण्णा, आली पाहा! आपण होवून आली!"

मला वाटलं, ओळख काढतायत. तसं नव्हतं. त्या दिवशी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. तिला साडी नेसवतात, बांगड्या भरतात, नमस्कार करतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. व्यासराजरावांची बायको विशालाक्षी आदल्या वर्षी गेली होती, आणि ठरलेल्या बाईकडे सकाळीच सोयर आलं होतं.

"पानें वाढून ठेवलीं आहेत," कनकाबाई सुनीतीचा हात धरून म्हणाल्या. "तुम्ही बैसलांत तर आमच्या वैनीस पोंचेल. नक्को सांगूं नका, अम्मा."

मी काहीतरी कुरकुरलो. सुनीतीने मला डोळ्यांनी दटावलं. अशा दिवशी नाही म्हणत नाहीत, तेवढी अक्कल मला नव्हती, तिला होती. तिला खुर्चीवर बसवून, पुढे तिपाई मांडून जेवायला वाढलं. मी तेवढ्यात गाडी पाहायला शेडमध्ये गेलो.

लांबलचक काळी विलायती गाडी. कुणी इंग्रज मायदेशी जाताना विकून गेला होता. बाहेरून बरी, पण मी खाली वाकून पाहिलं आणि माझा उत्साह मावळला. मागचे स्प्रिंगचे पाटे थकून सपाट झाले होते, एकाला आरपार चीर. तरी पेला भरला, सीटवर ठेवला, व्यासराजरावांना शेजारी घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. परत येईपर्यंत पेला आडवा झाला होता आणि सीट भिजली होती. एवढं खराब कुठल्याच गाडीने केलं नव्हतं.

"ही नाही चालणार," मी म्हटलं.

व्यासराजराव ओल्या सीटवरून हात फिरवत होते. "माझ्या बायकोस ह्या गाडींत काहीं लागत नव्हतं हो," ते हळूच म्हणाले. "आधीं काथ्या भरला, नाहीं बरें वाटलं. घोड्याचे केस भरले, नाहीं. शेवटीं तीच दिवसभर बैसून बैसून गादीला आपलं आंग शिकविलं."

सुनीती जेवून बाहेर आली ती जरीच्या काठाच्या जांभळ्या साडीत. नऊवारी, त्यांच्या पद्धतीने नेसवलेली. कपाळाला मोठं कुंकू. मला क्षणभर ओळखूच आली नाही, आणि हे मी कौतुकाने म्हटलं तर ती लाजली. "मी बसून बघते," म्हणाली. मी म्हटलं, काही उपयोग नाही. पण ती दारापाशी गेलीच. मी हात द्यायच्या आत वळली, पाठ आत टेकली, पाय उचलले, आणि तिचा उजवा हात खिडकीच्या पडद्यामागे गेला. तिथे एक चामड्याची पकड होती. मी इतका वेळ गाडी तपासत होतो, मला ती दिसली नव्हती. तिने न पाहता धरली.

मग तिने डोळे मिटले. चेहऱ्यावरची ती एक आठी, जी मी आजार आल्यापासून पाहत होतो, झोपेतसुद्धा न जाणारी, ती गेली. "अहो," ती म्हणाली, "दुखत नाहीये."

मी गाडी सुरू केली. तोच रस्ता, तेच खड्डे. मी पेला पुन्हा भरून तिच्या शेजारी ठेवला होता. आम्ही परत आलो तेव्हा पाणी काठाशी तसंच होतं, नुसतं थरथरलंही नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, या खेपेला मी सावकाश चालवली. माणसाला हवं ते मिळालं की तो हिशेब कसाही जुळवतो.

किमतीचं बोलू लागलो तर व्यासराजरावांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, आजच्या दिवशी सवाष्णीच्या हाती जें पडेल तें विकत नव्हे, तिच्या नावानें दिलेलं. मी वाद घातला. पुढच्या महिन्यात येऊन व्यवहार करू, असं म्हणून मीच तो मिटवला. कनकाबाईंनी सुनीतीची ओटी भरली. नारळ, तांदूळ, विड्याची पानं, आणि त्यावर गाडीची किल्ली.

निघताना सुनीतीने खिडकीतून हात बाहेर काढला, कनकाबाईंचा हात धरला आणि आपल्याकडची कुठलीही बाई म्हणेल तसं म्हणाली, "येते हं मी."

व्यासराजरावांनी झटकन तोंड फिरवलं. नंतर त्यांनी मला सांगितलं, पण तेव्हा काय उपयोग? नवमीची सवाष्ण मुकाट्याने जाते. ती त्या दिवशी गेलेलीच्या जागी जेवलेली असते. तिने येते म्हणायचं नसतं, घरच्यांनी या म्हणायचं नसतं. आम्हां देशावरच्या लोकांना 'जाते' म्हणणं अशुभ, म्हणून तोंडात 'येते' बसलेलं. कनकाबाईंनी तिचा हात सोडला नाही. मग त्यांचे डोळे भरले आणि त्या म्हणाल्या, "ये."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे होते, हे मला मान्य करायलाच हवं. सुनीती गाडीत बसायची, आम्ही एग्मोरला जायचो, ती व्यायाम करायची, आणि परत येताना मागच्या सीटवर गुणगुणायची. डॉक्टर खूष. पट्टा एक भोक सैल झाला, मग आणखी एक. एक दिवस ती दवाखान्याच्या व्हरांड्यात काठी न घेता थोडं चालली, आणि मी त्या सगळ्या नर्सांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

पण घरी तिची पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागली. खाटेवर दुखे, खुर्चीवर दुखे. मग ती दुपारची आमच्या परसातल्या शेडमध्ये जाऊन गाडीत बसू लागली. तिथेच भाजी निवडायची, तिथेच डुलकी काढायची. शेजारणी हसायच्या, मीही हसायचो. आराम मिळतोय ना, मग कुठे का बसेना.

एकदा ती म्हणाली, "अस्कें झालं का?" सगळं झालं का, असं तंजावरकडच्या बोलीत विचारत होती ती. मी म्हटलं, हे कुठून उचललंस? ती गोंधळली. काय उचललं, तेच तिला कळलं नव्हतं. भातात चिंच मागू लागली, जी तिला पूर्वी सोसत नसे. एकदा एग्मोरहून येताना रस्ता बंद होता म्हणून रायपेट्ट्याच्या एका मागच्या रस्त्याने वळलो, तर ती मागून म्हणाली, "इथं चिंचेचं झाड होतं. पाडलं वाटतं." त्या रस्त्याने ती आयुष्यात कधी गेली नव्हती.

मी इंजिनियर माणूस. झाड होतं की नव्हतं याची चौकशी केली नाही. मी पेला काढला. सुनीती स्वयंपाकघरात असताना गाडी फिरवून आणली, पाणी सांडलं. ती बसलेली असताना फिरवली, सांडलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिला पुढच्या सीटवर बसवून पाहायचं ठरवलं तर ती कधी नव्हे ते तडकली. "मी तिथं बसत नाही!" असं म्हणाली, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी गाडीखाली गेलो. चीर पडलेल्या पाट्याचा एक तुकडा मधल्या काळात निखळून कुठेतरी पडला होता. ती गाडी नीट उभीही राहायला नको होती.

मला भीती वाटली. हे सरळ सांगतो. मी देव मानत नाही, भूत तर नाहीच नाही, पण मला माझ्या बायकोची भीती वाटली.

त्या आठवड्यातच, मी गाडी चालवत असताना तिने मागून विचारलं, "तुम्ही नवे का? पूर्वीचे फार सावकाश चालवत." मी आरशात पाहिलं. ती माझ्या मानेकडे पाहत होती, अगदी सभ्यपणे, परक्या माणसाकडे पाहावं तशी. मी गाडी कडेला घेतली, वळलो आणि म्हटलं, "सुनीती!" तिने डोळे चोळले. "काय हो? का ओरडता?" म्हणाली. पुन्हा तीच, माझीच.

रात्रभर विचार करून मी ठरवलं. गाडी परत द्यायची. एग्मोरला उशांवर निजवून नेईन, डोलीतून नेईन, नाहीच जमलं तर ती चालणार नाही. नाही चालली तर नाही चालली. पण घरात राहील ती सुनीती राहील. सकाळी तिला सांगितलं तेव्हा मला वाटलं, रडेल, भांडेल. तिने नुसती मान हलवली. "बरं. मीही येते पोचवायला," म्हणाली. मला केवढं हायसं वाटलं! आत जाऊन ती जांभळी साडी नेसून आली. मी समजलो, मानाने परत करायची आहे.

रायपेट्ट्याला पोचलो तर कनकाबाई पायरीवरच उभ्या होत्या. आम्ही येणार हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. व्यासराजराव पडवीत वर्तमानपत्र वाचत होते, ते घाईने उठले.

मी उतरून मागच्या दाराकडे येईपर्यंत दार उघडलं होतं. सुनीती उतरली. कशाला न धरता उतरली. सीटवर तिचा तो चामडी पट्टा पडला होता, बंद सोडलेले. ती पायऱ्यांकडे चालत निघाली, ताठ, पाठ सरळ, लग्नाच्या वेळी चालायची तशी. ज्यासाठी मी इतकी वणवण केली होती ते माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं. गाडी, पेला, भीती सगळं विसरून मी ओरडलो, "अगं सुनीती, बघ! चालतेयस तू!"

ती पायरीवर थांबली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मग कनकाबाईंना म्हणाली, "कोण गे हे? उन्हांत उभे आहेत बापडे. ह्यांस आंत बोलाव."

आणि आत गेली. आतल्या कुठल्या खोलीत वळायचं ते तिला ठाऊक होतं.

मी काय नाही केलं? हाताला धरून बाहेर आणली, तर दारातच तिची पाठ मोडल्यासारखी झाली आणि ती किंचाळत खाली बसली. उंबऱ्याच्या आत नेली की शांत. डॉक्टर आणले, एक सोडून दोन. पाठ उत्तम आहे म्हणाले, मनाचं काही सांगता येत नाही म्हणाले. तिच्या भावाला नागपूरहून बोलावलं. तिने त्यालाही अहो-जाहो केलं. कनकाबाई तर वैनी, वैनी करत तिच्यामागे फिरतात, त्यांना दुसरं काही ऐकायचंच नाही. एकटे व्यासराजराव माझ्या बाजूचे आहेत. ते बाहेरच्या पडवीतच जेवतात, तिथेच निजतात, तिच्या समोर येत नाहीत. "माझी बायको मेली," असं म्हणाले ते मला, हात धरून. "मी आगी दिली आहे. आंत आहे ती तुमची हो. पण ती येत नाहीं, तर मी काय करूं?"

म्हणून मी दर रविवारी जातो. व्यासराजरावांकडे आलेला पाहुणा म्हणून जातो, कारण तसं गेलं तरच ती समोर येते. झपझप चालत येते, एकदाही भिंतीला हात लावत नाही. काप्पीचा टंबलर पुढे ठेवते. तिच्या हाताला तो जुना भाजल्याचा डाग आहे, आमच्या स्टोव्हचा. मी त्याच्याकडे पाहत बसतो. गेल्या रविवारी तिने विचारलं, आपल्या घरीं कोण कोण असतं?

"बायको असते," मी म्हटलं.

"त्यांस कधीं आणलां नाहींत?"

"तिला बरं नसतं. पाठीचं दुखणं आहे. गाडीचे धक्के सोसत नाहीत."

तिचा चेहरा एकदम कळवळला. आजाऱ्याचं दुखणं ऐकून तो नेहमीच तसा व्हायचा. "अय्यो, पाप," ती म्हणाली. "शेडीत आमची गाडी आहे, ती घेवून जावा. तीत काहीं लागत नाहीं. त्यांस एकदां घेवून या."